शेऱ्याचा रकाना

वडिलांच्या पश्चात आम्हां भावंडांत जे वाटणीपत्र झाले, त्यात राहुरी तालुक्यातील दोन एकर सात गुंठे जमीन, विहिरीतील चौथा हिस्सा, नगरचे राहते घर, तांब्यापितळेची भांडी आणि एक शिलाईयंत्र यांची तपशीलवार नोंद आहे. परंतु ज्या वस्तूवर त्यांचा खरा जीव होता, त्या याशिका कॅमेऱ्याचा उल्लेख त्या दस्तऐवजात कोठेही नाही. मसुदा लिहिणाऱ्या गृहस्थांनी त्याची किंमत काय धरावी असे विचारले, कोणालाही सांगता आले नाही, आणि ज्याची किंमत धरता येत नाही ते यादीत घालू नये असे ठरून ती कातडी पेटी माझ्याकडे आली. तिच्यासोबत एक लांबट, खाकी पुठ्ठ्याची वही आली. कॅमेरा चालवायला मी शिकलो तो त्या वहीपाशी. म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, ते पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. बारागाव नांदूर येथे मुळा नदीवर जे मातीचे धरण उभे राहत होते आणि ज्यात आज २६ टीएमसी पाणी साठते, त्या कामावर त्यांची उमेदीची वर्षे गेली. दिवसभरात झालेल्या खोदाईची आणि भरावाची लांबी, रुंदी, उंची मोजून ती मोजमाप पुस्तकात उतरवावी, आणि वरिष्ठांच्या तपासणीत एकाही आकड्याखाली तांबडी रेघ उमटू नये इतकी दक्षता बाळगावी, हा त्यांचा नित्यक्रम होता. आणि दफ्तराची ती शिस्त त्यांनी आपल्या छंदातही जशीच्या तशी नेली. वहीच्या प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले सात रकाने आहेत : अनुक्रमांक, दिनांक, ठिकाण, प्रकाश, छिद्र, वेग आणि शेरा. पहिली नोंद १९६७ सालची आहे आणि शेवटची १९८१ सालची. या १४ वर्षांत त्यांनी घेतलेले प्रत्येक छायाचित्र, चांगले आलेले आणि वाया गेलेले, त्या रकान्यांत हजर आहे.

कॅमेरा याशिका ६३५. जपानच्या नागानो प्रांतात १९४९ साली सुरू झालेल्या कारखान्याने १९५८च्या सुमारास तो बाजारात आणला. ६ सेंटिमीटर चौकोनाची रुंद फिल्म आणि ३५ मिलिमीटरची अरुंद पट्टी अशा दोन्ही त्यात चालतात, त्यावरून हा आकडा. समोर एकावर एक दोन भिंगे असतात. वरच्या भिंगातून छायाचित्रकाराने पाहायचे आणि खालच्या भिंगातून फिल्मने. कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो, पोटाशी धरून वरून खाली त्याच्या दुधी काचेत डोकवायचे असते. त्या काळी परदेशी कॅमेरे आयात करण्यावर कडक निर्बंध होते. सामान्य घरात कॅमेरा असलाच तर तो बडोद्याला तयार होणारा आग्फा क्लिक थ्री असे, आणि ज्याला याहून अधिक काही हवे त्याने परदेशातून आलेल्या किंवा स्टुडिओतून निघालेल्या जुन्या यंत्रावर नजर ठेवावी लागे. दादांनी हा कॅमेरा नगरच्या एका स्टुडिओमालकाकडून, तीन हप्त्यांत, वापरलेला घेतला. हप्त्यांच्या तारखाही वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलेल्या आहेत.

मी त्यांच्या हयातीत हा कॅमेरा एकदाही हाती घेतला नाही, याचे आज मला मनस्वी दुःख होते. त्यांनी शिकवण्याची तयारी दाखवली होती. मला तेव्हा वेळ नव्हता. त्यामुळे जे ज्ञान एका दुपारी ओसरीवर बसून हाताला हात लावून मिळाले असते, ते मिळवायला मला तीन वर्षे आणि कित्येक रोल खर्ची घालावे लागले.

पहिला रोल घेऊन मी फराहबागेत गेलो. निजामशाहीच्या वैभवकाळात तलावाच्या मधोमध बांधलेला हा अष्टकोनी महाल आज कोरड्या जमिनीत उभा आहे, आणि त्याच्या भग्न कमानींवर सकाळचे तिरपे ऊन पडले म्हणजे नवशिक्यालाही आपण काहीतरी मोठे टिपणार असे वाटू लागते. मी १२ वेळा खटका दाबला. रोल धुऊन आला तेव्हा त्यात सातच चित्रे होती, आणि त्यांतील तीन चित्रांत एकाच चौकटीत दोन-दोन दृश्ये मिसळली होती : कमानीतून बाभळ उगवलेली, आणि बाभळीच्या बुंध्यात माझ्या पत्नीचा चेहरा. कारण असे की या यंत्रात मूठ फिरवून फिल्म पुढे सरकवणे आणि खटक्याचा चाप ओढणे ही दोन कामे परस्परांपासून स्वतंत्र आहेत. चाप पुन्हा ओढला आणि मूठ फिरवायला विसरलात, तर यंत्र हरकत घेत नाही, त्याच जागी दुसरे चित्र उमटवते. आणि मूठ दोनदा फिरवलीत तर एक कोरी चौकट तितक्याच निमूटपणे पुढे सोडते. आजच्या यंत्रांना आपल्या चुकांची काळजी असते. या यंत्राला नाही. घरी येऊन मी वही उघडली. दादांच्या पहिल्या पानावर, अनुक्रमांक ४ समोर, शेऱ्याच्या रकान्यात लिहिले होते : ‘मूठ राहिली. दोन चित्रे एकावर एक. आधी मूठ, मग चाप, हा क्रम कधी मोडू नये.’ त्या वेळी ते माझ्याहून तीस वर्षांनी लहान होते, आणि तीच चूक करून बसले होते. त्या ओळीपाशी मी फार वेळ थांबलो. त्या दिवसापासून मी वही क्रमाने, एखादा ग्रंथ लावावा तशी, वाचायला घेतली.

पुढची अडचण यंत्राचीच होती. १/५०० पासून १/६० सेकंदापर्यंतचे वेग ठीक वाटत. परंतु एक सेकंदावर काटा ठेवला की पाते उघडे राही ते राहीच. वर्षानुवर्षे न चाललेल्या यंत्रातले वंगण सुकून चिकट होते आणि खटक्याची सूक्ष्म दंतचक्रे त्यात अडकतात. नगरमध्ये हे काम करणारे कोणी उरले नाही. एकेकाळी घड्याळे दुरुस्त करणारे मिस्त्री कॅमेरेही उघडत. आता घड्याळेच कोणी उघडत नाही. अखेर मुंबईच्या फोर्ट भागात एका वृद्ध कारागिराने पाती उघडून, जुने वंगण धुऊन काढून यंत्र मोकळे केले. मजुरी घेताना ते म्हणाले, “साहेब, ह्याला ठेवून देऊ नका. महिन्यातून एकदा सगळे वेग चालवत जा. बसलेलं यंत्र आजारी पडतं.” भिंगे मात्र स्वच्छ निघाली, त्यांच्यावर बुरशीचा एकही तंतू नव्हता. त्याचे श्रेय नगरच्या कोरड्या हवेला. हाच कॅमेरा आमच्या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर-रतनवाडीच्या धुवांधार पावसात पडून राहता, तर भिंगांत बुरशीने जाळे विणले असते. एकाच जिल्ह्यात सह्याद्रीचा पाऊस आणि पर्जन्यछायेचा दुष्काळ दोन्ही नांदतात. कॅमेरा दुष्काळी अर्ध्यात राहिला म्हणून वाचला.

आता प्रकाशाकडे येतो, कारण या विद्येचा गाभा तिथे आहे. याशिका ६३५ला प्रकाशमापक नाही. किती छिद्र उघडावे आणि किती वेळ उघडावे, हे दर वेळी माणसाने ठरवायचे असते. यासंबंधी एक जुना, जगभर रूढ असलेला नियम आहे : स्वच्छ उन्हात छिद्र १६ वर ठेवावे आणि फिल्मच्या संवेदनशीलतेचा जो आकडा असेल, तितक्या अंशाचा सेकंद द्यावा. म्हणजे १२५च्या फिल्मला १/१२५ सेकंद, ४००च्या फिल्मला १/५०० सेकंद. दादांच्या काळात पूर्व जर्मनीतील व्होल्फेन येथील ओर्वो फिल्म रुपयांतील व्यापारामुळे आपल्याकडे सहज मिळे, आणि उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात, ज्याचे उत्पादन १९६७ साली सुरू झाले, ‘इंदू’ नावाची देशी फिल्म तयार होई. दादा बहुतेक ओर्वोची १२५ अंकाची फिल्म वापरत. नियम सोपा आहे, पाठ व्हायला एक मिनिटही लागत नाही. परंतु तो नियम ज्या देशांत बनला, तिथला माणूस आणि तिथले ऊन वेगळे. आणि त्या फरकातच आमच्या वहीतील पुढची ६० पाने खर्ची पडली आहेत.

नगर जिल्ह्यातील शेतकरी डोळ्यांपुढे आणा. अंगावर पांढरे शुभ्र धोतर आणि बंडी, डोक्याला पांढरी टोपी किंवा फेटा, पायाखाली काळीभोर जमीन, आणि या दोहोंच्या मध्ये उन्हाने रापलेला सावळा चेहरा. त्यात वैशाखाची दुपार. सूर्य माथ्यावर, फेट्याच्या कडेची सावली नेमकी डोळ्यांवर पडलेली. धोतराकडे पाहून प्रकाश ठरवावा तर चेहरा काळा ठिक्कर पडतो, आणि चेहऱ्याकडे पाहून ठरवावा तर धोतराची प्रत्येक चुणी पांढऱ्या प्रकाशात विरून जाते. पहिल्या वर्षीच्या शेऱ्यांत दादांचा वैताग स्पष्ट दिसतो : ‘धोतर आले, माणूस नाही.’ ‘फेट्याची सावली, डोळे गेले.’ ‘टोपी कापली, जवळच्या चित्रात वर जागा सोडावी’ — कारण पाहण्याचे भिंग वर आणि टिपण्याचे खाली असल्याने, माणूस जवळ असला की काचेत दिसलेले कपाळ फिल्मवर उतरत नाही.

मग हळूहळू, १९६९-७० सालच्या पानांत, शेऱ्यांचा सूर पालटतो. दुपारच्या वेळा रकान्यातून नाहीशा होतात. ‘कासराभर दिवस वर’, ‘दिवस कलता’, ‘तिन्हीसांजेपूर्वी’ अशा नोंदी येऊ लागतात. माणसे अंगणातून ओसरीच्या कडेला सरकतात, जिथे डोक्यावर सावली असते आणि समोरच्या मोकळ्या आकाशाचा मऊ उजेड थेट चेहऱ्यावर येतो. चुन्याने सारवलेल्या भिंतीच्या समोर बसवले की ती भिंतच सावलीतल्या गालावर उजेड फेकते, हे त्यांना कळलेले दिसते. एके ठिकाणी शेरा आहे : ‘भिंत नव्हती, शेजारच्याचे धोतर धरवले. उत्तम.’ आणि १९७१च्या एका पानावर, खाली दोनदा रेघ ओढून, त्यांनी आपला सारा अनुभव एका वाक्यात घातला आहे : ‘चेहऱ्यासाठी छिद्र उघडावे, धोतरासाठी धुणे आवरावे.’ म्हणजे सावलीतल्या चेहऱ्याला लागेल तितका प्रकाश, नियमाहून दोन पायऱ्या अधिक, मोकळ्या मनाने द्यावा. आणि त्यामुळे पांढरे कपडे जळू नयेत म्हणून रोल धुताना रसायनात तो थोडा कमी वेळ ठेवावा. छायाचित्रणावरच्या ग्रंथांत हे तत्त्व पूर्वीपासून आहे. परंतु मुळेच्या काठी राहणाऱ्या, इंग्रजी ग्रंथ हाताशी नसलेल्या माणसाने ते धोतरांवर आणि चेहऱ्यांवर चार वर्षे चुकत-माकत स्वतः शोधून काढले, याचा मला अभिमान वाटतो, आणि तो लपवण्याचे मला कारण दिसत नाही.

मी हे वाक्य वाचले तेव्हा मला ते कळले असे वाटले. ते हाताला कळायला दोन पावसाळे गेले. सावलीत उभे राहून आपल्या तळहाताकडे पाहायचे आणि मनाशी आकडा उच्चारायचा, मग बाहेर उन्हात येऊन पुन्हा उच्चारायचा, असा अभ्यास मी भिंगारच्या रस्त्यावर रोज सकाळी फिरताना केला. आता कधी-कधी आकडा विचार करण्याआधीच येतो. दूध उतू जाणार हे घरच्या बाईला जसे आवाजावरून कळते, तसाच काहीसा हा प्रकार असावा.

रोल धुण्याची विद्या मात्र वहीत नव्हती, कारण दादा ते काम स्टुडिओत बसून करीत. माझ्या सुदैवाने त्या जुन्या स्टुडिओच्या परंपरेतले एक काका अजून नगरमध्ये आहेत. वय ८०च्या पुढे, हातांना किंचित कंप. परंतु अंधारात त्यांच्या बोटांचा कंप थांबतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. पहिल्याच दिवशी मी न्हाणीघरात तांबडा दिवा लावून रोल उघडला, कारण सिनेमात तसेच पाहिले होते, आणि संपूर्ण रोल काळा झाला. काका म्हणाले, “अहो, तांबडा दिवा कागदाला चालतो, फिल्मला नाही. फिल्म तांबडा रंगही ओळखते. तिला ठार काळोख पाहिजे. डोळे मिटून करायला शिका, म्हणजे उघडे असले काय नि मिटलेले असले काय.” मग त्यांनी वाया गेलेली एक फिल्म दिली, आणि आठ दिवस मी ती डोळे मिटून तारेच्या चाकीवर गुंडाळीत आणि उलगडीत राहिलो.

धुण्याचे रसायन काका घरीच करतात, कोडॅक कारखान्याने १९२७च्या सुमारास काढलेल्या डी-७६ या सूत्राप्रमाणे : एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, २ ग्रॅम. ज्या चांदीच्या कणांवर उजेड पडला तेवढेच हे मिश्रण काळे करते. नंतर हायपो, ज्याचा चांदीचे क्षार विरघळवण्याचा गुण इंग्लंडच्या जॉन हर्शेलने १८१९ साली नोंदला होता. तो उजेड न लागलेली चांदी धुऊन नेतो आणि चित्र कायम करतो. सारी सूत्रे २० अंश उष्णतेवर बांधलेली आहेत. आमच्याकडे मे महिन्यात नळाचे पाणीच हाताला कोमट लागते. अशा पाण्यात रसायन वेगाने चढते आणि धोतराच्या चुण्या पुन्हा जळून जातात. काकांच्या अंधाऱ्या खोलीच्या कोपऱ्यात म्हणूनच एक माठ असतो. पाणी पिण्याचा माठ वेगळा, रोलचा वेगळा. नगरचे बोअरचे पाणी जड, वाळल्यावर फिल्मवर पांढरे डाग ठेवणारे. म्हणून शेवटची धुणी बॅटरीत घालतात त्या ऊर्ध्वपातित पाण्याची. ओली फिल्म दोरीवर चिमट्याने लटकवल्यावर तिच्यावर धूळ बसू नये म्हणून काका आधी संपूर्ण खोलीत पाणी शिंपडतात. या बारकाव्यांतला एकही मला कोणत्या छापील पुस्तकात असा, नगरच्या हवापाण्याला लावून, वाचायला मिळाला नाही.

आता ज्या रोलमुळे मला हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे वळतो.

१९७२चा दुष्काळ आमच्या जिल्ह्यातील कोणाही वृद्धाला सांगावा लागत नाही. पाऊस लागोपाठ फिरला होता, विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि गावेच्या गावे खडी फोडायला, नाले बांधायला, रस्ते उकरायला बाहेर पडली होती. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लक्ष माणसे होती, वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात रुजली, आणि पुढे तिचा कायदा होऊन तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. दादांची बदली तेव्हा तात्पुरती पारनेर तालुक्यातील कामांवर झाली होती. हजेरीपट तपासणे, खडीचे ढीग मोजणे, सुकडीचे, म्हणजे मजुरांना मिळणाऱ्या पूरक खाद्याचे, वाटप नीट होते की नाही पाहणे. १९७३च्या मे महिन्यात त्यांनी एकच रोल घेतला. १२ चौकटींपैकी ११ चौकटी कामाच्या आहेत. बाराव्या चौकटीत १४ बाया खडीच्या ढिगापुढे ओळीने उभ्या आहेत. काहींच्या डोईवर रिकाम्या पाट्या, एकीच्या कडेवर मूल. प्रकाश सकाळचा, चेहरे सगळे स्पष्ट, लुगड्यांच्या कडासुद्धा वाचता येतील अशा. कलेच्या दृष्टीने हे त्यांचे सर्वोत्तम चित्र आहे असे माझे ठाम मत आहे.

त्या नोंदीसमोरचा शेरा असा : ‘खडी केंद्र. बाया १४. नावे विचारली नाहीत. चूक.’

आठ शब्द. वहीत ‘चूक’ हा शब्द त्यापूर्वी प्रकाशासाठी, छिद्रासाठी, मुठीसाठी आला आहे. माणसांसाठी येथे प्रथम. आणि यानंतर शेऱ्याच्या रकान्याचे स्वरूपच बदलते. प्रकाशावरचे शेरे जवळजवळ थांबतात, कारण तो आता त्यांना साधला होता. त्या जागी नावे येतात. अमक्याची थोरली सून, तमक्या वस्तीवरचा गडी, माहेर कोणते, मूल कितवे. रकाना पुरत नाही म्हणून अक्षर बारीक होत जाते. सरकारी हजेरीपटात त्या बायांची नावे होती आणि चेहरे नव्हते. दादांच्या फिल्मवर चेहरे होते आणि नावे नव्हती. आठवड्याभराने ते परत गेले असतील तेव्हा ती टोळी दुसऱ्या कामावर हलली असेल, किंवा पाऊस पडून घरी गेली असेल. हे मी अनुमानाने लिहितो. वहीत त्याविषयी काही नाही.

मी त्या निगेटिव्हची मोठी कॉपी करून घेतली आणि मागच्या माघात पारनेर तालुक्यातील त्या गावी गेलो. पारावर बसलेल्या माणसांनी चित्र हातोहात फिरवले, चष्मे आणवले, आणि शेवटी मला एका घरी नेले. तिथल्या आजींनी कॉपी मांडीवर घेतली, बोटाने एकेक चेहरा चाचपला, आणि मधल्या बाईवर बोट ठेवून म्हणाल्या, “ही आमची थोरली जाव. डोईवर पाटी हाय ना, तीच. सुकडीच्या रांगंत कायम पयली असायची, पोरं लहान व्हती तिची.” मग त्या गप्प झाल्या. थोड्या वेळाने टोकाच्या, कडेवर मूल घेतलेल्या तरुण बाईकडे पाहून म्हणाल्या, “ही मीच की.” त्या मुलाला, जो आता पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे आणि सुप्याच्या कारखान्यांच्या परिसरात दुकान चालवतो, निरोप गेला, तो आला, आणि आईच्या तरुण चेहऱ्याकडे पाहत उभाच राहिला. घरात त्यांच्या लग्नापासूनचा एकही फोटो नव्हता. तीन फेऱ्यांत १४ पैकी नऊ नावे लागली. पाच लागली नाहीत. त्या पाच जणींना ओळखणारे आता कोणी नसावे.

ज्याचा शेरा हरवतो त्याचे काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण नगरकरांच्या डोळ्यांसमोर रोज उभे आहे. शहराच्या पूर्वेला डोंगरमाथ्यावर जी तीन मजली अष्टकोनी वास्तू दिसते, तिला सारा मुलूख चांदबिबीचा महाल म्हणतो. ती वस्तुतः निजामशाहीचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर आहे. फराहबाग पुरी करणारा हा कर्तबगार कारभारी. इतक्या मोठ्या दगडी इमारतीलाही त्याचे नाव धरून ठेवता आले नाही. मग बोटभर निगेटिव्हची काय कथा?

आणि निगेटिव्ह तर आमच्याकडे गोण्यांनी गेल्या. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखी आपली माणसे आरंभापासून या विद्येत उतरली; दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रणाचा व्यवसाय करीत होते. मोठ्या माणसांची चित्रे म्हणून कोठे ना कोठे जपली गेली. परंतु तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडजवळच्या माडीवर, रंगवलेल्या पडद्यापुढे, स्टुडिओचाच कोट घालून आणि स्टुडिओच्याच फणीने भांग पाडून ज्यांनी आयुष्यातला एकुलता एक फोटो काढून घेतला, त्या लाखो माणसांचा संग्रह म्हणजे स्टुडिओवाल्यांची निगेटिव्हची खोकी होती. जुन्या काचेच्या निगेटिव्ह धुऊन त्या काचा पुन्हा वापरात आल्या. फिल्मच्या निगेटिव्ह, डिजिटल यंत्रे आली तेव्हा, चांदी काढणाऱ्यांना वजनावर गेल्या किंवा जाळल्या गेल्या. आमच्या जिल्ह्यातल्या एका स्टुडिओची तीन पिढ्यांची खोकी माझ्या डोळ्यांदेखत टेम्पोत भरली गेली. मालकांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. त्यांनी आधी दोन सार्वजनिक संस्थांना पत्रे लिहिली होती, आणि उत्तर आले नव्हते. पण एका तालुक्याचे चेहरे त्या टेम्पोतून गेले, आणि ते थांबवता आले असते, असे मी आजही मानतो.

काकांनी मला एक गोष्ट अंधाऱ्या खोलीबाहेर शिकवली. जुन्या फिल्मच्या डब्याचे झाकण उघडून ते आधी नाकाशी धरतात. आंबूस, शिरक्यासारखा वास आला तर ती फिल्म आतून कुजू लागली आहे, आणि तो वास शेजारच्या चांगल्या फिल्मलाही कुजवतो. ती ताबडतोब वेगळी काढून, तिची नक्कल करून घ्यावी लागते. दादांच्या १४ वर्षांच्या निगेटिव्हपैकी दोन डब्यांना तो वास येत होता. १९७३चा डबा त्यात नव्हता.

मी आता माझी वही सुरू केली आहे. दादांच्या वहीवर जिल्हा अहमदनगर असे छापलेले आहे, माझ्या वहीवर मी जिल्हा अहिल्यानगर असे लिहिले. रकाने तेच सात ठेवले आणि आठवा जोडला, ‘नाव’. तो सर्वांत रुंद आहे. खटका दाबण्यापूर्वी मी नाव विचारतो, गाव विचारतो, आणि लिहून झाल्यावर मगच मान खाली घालून काचेत पाहतो. एका रोलमध्ये १२च चौकटी असल्यामुळे यासाठी वेळ पुरतो. दुधी काचेत डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे दिसते. माणूस एका बाजूला सरकला की काचेतला माणूस दुसरीकडे जातो, आणि त्याला चौकटीत आणताना मला अजूनही क्षणभर गोंधळायला होते. दादांच्या शेवटच्या पानावरचा एक शेरा सांगतो की त्यांनाही १९८१ पर्यंत होत असे.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरी ट्रंकेत, माळ्यावर, देवघराखालच्या कपाटात जुन्या फोटोंचा डबा असेल. तो दिवाळीच्या सुटीत खाली काढावा. निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत असतील तर साध्या कागदी पाकिटांत घालाव्या आणि घरातल्या सर्वांत कोरड्या, थंड जागी ठेवाव्या. फोटोच्या पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने, न दाबता, नाव, गाव आणि साल लिहावे. शाई वापरू नये, ती काही वर्षांनी पुढच्या बाजूला उतरते. चेहरा ओळखू येत नसेल तर घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या मांडीवर फोटो ठेवावा आणि विचारावे. भाऊबीजेपर्यंत सगळे घरी असतात.